वाटेतला हलता दगड



पावसाळा सरत आला होता. एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपल्यावर आपल्या चर्चच्या आवारात एक आजी पडल्या. गेटपासून ग्रोटोकडे जाणारी पेव्हर ब्लॉकची वाट आपणा सर्वांच्या पायाखालची आहे. मिस्सा संपली की आजी पवित्र मरियेपुढे मेणबत्ती लावायला जातात, तशा त्या निघाल्या होत्या. ग्रोटोच्या चार पावले अलीकडे एका ब्लॉकची कड बोटभर वर आली होती. तिला त्यांच्या चपलेचे टोक लागले आणि दुसऱ्याच क्षणी त्या उजव्या हातावर जमिनीवर होत्या. मेणबत्ती गडगडत बाजूच्या कुंड्यांपाशी गेली.

मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. भाकरी थापणे बंद, वेणी सुनेने घालायची, आणि क्रूसाची खूण करायची तर उजवा हात गळ्यातल्या झोळीत.

पण मला लिहायचे आहे ते त्यांच्या हातापेक्षा त्यांच्या तोंडून निघालेल्या शब्दांविषयी. आम्ही सात-आठ जण धावलो, खुर्ची आणली, कोणी पाणी आणले. फादर सॅक्रिस्टीतून तसेच बाहेर आले. आजी वेदनेने पांढऱ्याफटक पडल्या होत्या, तरी म्हणाल्या, "माझंच मेलीचं लक्ष नव्हतं. जा फादर तुम्ही, तिसऱ्या मिस्साची वेळ झाली."

ते ऐकून आम्हा सर्वांना जरा बरे वाटले. हे लिहिताना लाज वाटते, पण बरे वाटले हे खरे आहे. कारण तो ब्लॉक आम्हा सर्वांना ठाऊक होता.

मला तो तीन रविवारांपासून ठाऊक होता. पहिल्या रविवारी माझाच पाय त्याला लागला आणि मी सावरलो. दुसऱ्या रविवारी तिथे आल्यावर पाय आपोआप थोडा उचलला गेला. तिसऱ्या रविवारी तर तो ब्लॉक मला दिसलाही नाही. मी सवयीने वळसा घालून गेलो आणि वळसा घातला हेही माझ्या लक्षात आले नाही. नंतर चौकशी केली तर असेच निघाले. गायकवृंदातल्या मुलींना ठाऊक होता, धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांना ठाऊक होता. मुले तर त्याच्यावर मुद्दाम पाय ठेवून तो 'टक' असा वाजवत. आवार झाडणाऱ्या दादांना ठाऊक होता, कारण त्यांची केरसुणी तिथे अडत असे. प्रत्येकाजवळ कारणही होते. कोणाला वाटले, पॅरिश कौन्सिलने पाहिले असेल. कौन्सिलच्या सभासदाला वाटले, फादरांच्या कानावर गेले असेल. मला वाटले, पावसात काम कोण करणार, पाऊस गेल्यावर बघू.

मिस्साच्या आरंभी आपण सर्व मिळून आपली पापे कबूल करतो. विचार, शब्द आणि कृती यांच्यानंतर त्या प्रार्थनेत एक चौथी गोष्ट येते, जे करायला हवे होते ते न केल्याची. खरे सांगायचे तर इतकी वर्षे तो शब्द मी छातीवर हात ठेवून म्हणत आलो, पण त्याखाली नेमके काय धरायचे हे मला कधी कळले नव्हते. चोरी केली तर माणसाला कळते. कोणाला टाकून बोललो तर रात्री झोप लागत नाही. पण जे घडलेच नाही, जो हात हललाच नाही, त्याचा हिशेब ठेवायचा कसा? त्या दिवसापासून मात्र त्या शब्दाला माझ्यापुरता एक आकार आला आहे. बोटभर उंचीचा, सिमेंटच्या रंगाचा.

एवढासा उंचवटा आणि एवढे मोठे दुखणे, असे काहींना वाटेल. चालताना आपले पाऊल पुढे जाते तेव्हा अंगठ्याचे टोक जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच वर असते. तरुण माणूस ठेचकाळला तर दुसरा पाय झटकन पुढे टाकून सावरतो. वय झाले की दुसरा पाय वेळेवर येत नाही, आणि हात पुढे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील वाहन अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि जीवघेण्या पडण्यात सर्वांत मोठी संख्या साठीच्या पुढच्यांची असते. आजींचे मनगटावर निभावले. खुब्याचे हाड मोडले असते तर हा लेख कदाचित मी लिहू शकलो नसतो.

पवित्र शास्त्रात अशा गोष्टींवर कायदे आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात नसते. दहा आज्ञा आपण पाठ करतो. पण निर्गमच्या विसाव्या अध्यायात त्या येतात, आणि लगेच एकविसाव्या अध्यायात परमेश्वर खड्ड्याविषयी बोलतो. कोणी खड्डा खणला, किंवा झाकलेला खड्डा उघडा टाकला, आणि त्यात शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यायची. अनुवादच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की, गच्चीला कठडा बांध, नाहीतर वरून कोणी पडले तर त्याचे रक्त तुझ्या घरावर येईल. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्यापुढे अडखळण ठेवायला मनाई आहे. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मालकाचा हेतू वाईट होता का, हे कुठेही विचारलेले नाही. बैल पडावा म्हणून कोणी खड्डा उघडा टाकत नाही. कोणी पडावे म्हणून गच्ची बिनकठड्याची ठेवत नाही. तरीही जबाबदारी आहे.

आणि आंधळा कोण? डोळ्यांनी न दिसणारा तर आहेच. पण त्या एका ब्लॉकपुरता जो नवखा आहे, तोही आंधळाच. आमच्यासारखे जाणते वळसा घालून जात होते. ज्यांना ठाऊक नव्हते आणि मोतीबिंदूमुळे दिसणार नव्हते, त्या आजींसाठी तो तिथेच होता. आम्ही तो दगड ठेवला नव्हता हे खरे, पण तो कुठे आहे हे ठाऊक असण्याचा फायदा आम्ही तीन आठवडे घेतला आणि ती माहिती स्वतःजवळ ठेवली.

इथे एक प्रामाणिक शंका येते. खणणारा जबाबदार, मालक जबाबदार, हे समजते. पण ज्याने खणले नाही, ज्याची जागा नाही, जो नुसता शेजारून गेला, त्याचे काय? निर्गममधला कायदा त्याच्याविषयी काही बोलत नाही. त्याच्याविषयी बोलला तो प्रभू येशू. यरिहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला याजकाने मारले नव्हते, लेव्यानेही नाही. दोघांनी त्याला पाहिले आणि ते दुसऱ्या बाजूने गेले. शुभवर्तमानात त्या दोघांच्या नावावर दुसरा कोणताही गुन्हा नाही. वळसा घातला, एवढाच.

१९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅटेकिझममध्ये, क्रमांक १८६८ वर, आपण दुसऱ्याच्या पापात कसे भागीदार होतो हे सांगितले आहे. हुकूम देऊन, सल्ला देऊन, वाखाणणी करून तर होतोच. पण बोलणे किंवा अडवणे आपले कर्तव्य असताना गप्प राहिल्यानेही होतो. 'कर्तव्य असताना' हा त्यातला कळीचा शब्द. वाद सगळा तिथेच आहे.

आपण ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहतो. मी घरातून निघून स्टेशनला पोहोचेपर्यंत वाटेत किती लाद्या हलतात, किती झाकणे तुटलेली आहेत, किती ठिकाणी फुटपाथ अचानक संपतो, हे एकदा मोजायला घेतले आणि तिसाच्या पुढे सोडून दिले. पाहिलेल्या प्रत्येक दगडाचे ओझे माझ्यावर असेल तर मला घराबाहेर पडणेच कठीण. असे ओझे घेऊन फिरणाऱ्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी जागी असते असे नाही, ती आजारी असते, आणि कुमसाराला बसणारे धर्मगुरू अशा माणसाला ते ओझे खाली ठेवायलाच सांगतात. तेव्हा कुठेतरी रेघ हवी. ती कुठे ओढावी यावर मी बराच विचार केला. मला वाटते, जी वाट माझ्या रोजच्या किंवा रविवारच्या पावलांची आहे, जिथला धोका मला ठाऊक आहे आणि येणाऱ्याला नाही, आणि जिथे मी थोडक्यात काही करू शकतो, तिथे पाहिले की कर्ज झाले. प्रत्येक वेळी फावडे घ्यायला पाहिजे असे नाही. त्या ब्लॉकवर एक कुंडी उलटी ठेवली असती तरी पुरे होते. कुंड्या चार हातांवर होत्या.

रस्त्यांच्या बाबतीत या शंकेला आपल्या भागात फार कडू अर्थ आहे. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे दुचाकीवरून पडून माणसे दगावली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली खड्ड्यांचा प्रश्न स्वतःहून जनहित याचिका म्हणून हाती घेतला. चांगल्या स्थितीतला रस्ता आणि पदपथ मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात बैलासाठी जे होते, ते आपल्याकडे माणसासाठी यायला एवढी वर्षे लागली.

आणि याच मुंबईत दादाराव बिल्होरे आहेत. भाजीविक्रीचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ. जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी गेली आणि त्यांचा तरुण मुलगा प्रकाश गेला. तेव्हापासून ते स्वतः खड्डे बुजवतात. बांधकामांवरची उरलेली खडी, वाळू, फुटके पेव्हर ब्लॉक गोळा करतात आणि रस्त्यात वाकून भरतात. असे शेकडो खड्डे त्यांनी भरले आहेत. यावर आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात की, अशाने महापालिकेला आयतेच मोकळे रान मिळते. आपण कर भरायचा आणि खड्डेही आपणच भरायचे?

या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जे काम ज्याचे आहे ते त्याच्याकडून करून घेणे हीसुद्धा शेजाऱ्यावरची प्रीती आहे, आणि तक्रारीचा अर्ज लिहिणे हे कंटाळवाणे असले तरी पुण्यकर्म आहे. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी याच यरिहोच्या वाटेची आठवण केली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वाटेत पडलेल्याची मलमपट्टी ही सुरुवात झाली. पण ज्या वाटेवर माणसे पुन्हा पुन्हा मार खातात, ती वाटच बदलायला हवी. हे मान्य. फक्त दादारावांसारख्या बापाला कोणी सिद्धांत सांगायला जाऊ नये. अर्जाचे उत्तर येईपर्यंत त्या खड्ड्यावरून दुसऱ्या कोणाचा प्रकाश जाणार असतो.

यहुदी लोकांच्या तालमूद ग्रंथात एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. एक माणूस आपल्या शेतातले दगड वेचून शेजारच्या सार्वजनिक रस्त्यावर फेकत होता. एक भक्तिमान मनुष्य तिथून चालला होता. तो म्हणाला, बाबा, जी जागा तुझी नाही तिथले दगड तुझ्या जागेत का फेकतोस? शेतकरी हसला. वेडाच दिसतो, शेत माझे आणि रस्ता लोकांचा, हा उलटेच बोलतो. काही काळाने त्याला ते शेत विकावे लागले. एक दिवस तो त्याच रस्त्याने चालला असता आपणच फेकलेल्या दगडांना ठेचकाळून पडला, आणि तेव्हा त्याला त्या बोलण्याचा अर्थ कळला. शेत हातचे जाते, रस्ता मात्र कायम आपला राहतो. आपल्याकडे फ्लॅटच्या आत टाइल्स चकचकीत आणि जिन्यातली लादी फुटलेली, हे दृश्य कोणत्याही सोसायटीत दिसते. आत आपले, बाहेर कोणाचे तरी. आपले मुस्लिम शेजारी तर वाटेतला त्रासदायक अडसर दूर करण्यालाही दानधर्म मानतात, कारण पैगंबरांची तशी शिकवण आहे. आणि गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन रस्ता झाडत, कीर्तन रात्री. हा क्रम आपल्या लक्षात राहिला असता तर बरे झाले असते.

आता आपल्या चर्चविषयी एक गोष्ट लिहितो. ती लिहू नये असे एका मित्राने सुचवले होते, पण फादरांनी छापायला हरकत घेतली नाही. आजी पडण्याच्या आदल्या आठवड्यात दृढीकरणासाठी बिशप आले होते. त्यासाठी आपण आवार धुतले, वाटेच्या कडांना चुना मारला, पताका लावल्या, आणि गेटपासून लाल गालिचा अंथरला. तो गालिचा त्या ब्लॉकवरून गेला. तिथे त्याला घडी पडते हे अंथरणाऱ्यांच्या ध्यानात आले. अंथरणाऱ्यांत मीही होतो. आम्ही घडी पायाने दाबून बसवली आणि पुढे गेलो. मंत्री येणार असले की एका रात्रीत खड्डे बुजतात, अशी आपण महापालिकेची थट्टा करतो. आम्ही तर बुजवलाही नाही, झाकला.

तलावपाळीजवळचे ठाण्याचे जुने चर्च संत योहान बाप्तिस्मा यांच्या नावाचे आहे. आगमनकाळात आपण दर वर्षी याच योहानाचा संदेश ऐकतो. यशया संदेष्ट्याच्या शब्दांचा आधार घेऊन तो प्रभूसाठी वाट तयार करायला, उंचसखल सपाट करायला सांगतो. त्याचा अर्थ अंतःकरणाची तयारी असा आपण लावतो आणि तो बरोबरच आहे. पण कधी कधी मला वाटते की, अर्थ लावण्याच्या घाईत आपण दगड तिथेच ठेवतो.

आजींच्या अपघातानंतरच्या रविवारी कौन्सिलची सभा झाली. पहिला पाऊण तास 'हे कोणी केले' यात गेला. उत्तर असे निघाले की, उन्हाळ्यात पाण्याची नवी पाइपलाइन टाकण्यासाठी ती वाट आडवी खणली होती. काम करणाऱ्यांनी पाइप टाकला, माती लोटली, वर ब्लॉक ठेवले आणि ते गेले. शिवाय सणाच्या दिवशी मंडपवाल्याचा टेम्पो त्याच वाटेवरून आत येतो. पेव्हर ब्लॉकच्या २००६ च्या भारतीय मानकात नुसत्या पायी चालण्याच्या जागेसाठी ५० मिलिमीटर आणि हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटर जाडी सांगितली होती. आपले ब्लॉक पातळ, माणसांसाठी घातलेले. त्यांच्यावरून टेम्पो नेण्याची परवानगी आपणच दिली होती. वाटेच्या कडेचा एक दगड फुटला होता, तो तसाच राहिला. आणि वरून यंदाचा पाऊस. असे एकेक कारण जसजसे पुढे येत गेले, तसतसे चेहरे मोकळे होत गेले. दोष सहा जणांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला इतका कमी येतो की तो खिशात सहज मावतो. कारण शोधणे गरजेचे होते, नाहीतर दुरुस्ती चुकली असती. पण आम्ही काही काळ कारण शोधत नव्हतो, सुटका शोधत होतो. एक बाई शेवटी म्हणाल्या, "ते असू दे. शनिवारी फावडं कोण आणणार?" सभा तिथे संपली.

शनिवारी आपल्याच धर्मग्रामातले एक मिस्त्री आले. आम्ही आठ-दहा जण होतो, त्यात चार तरुण. मी समजत होतो तासाभराचे काम आहे. एक ब्लॉक काढायचा, खाली वाळू घालायची, परत बसवायचा. मिस्त्रींनी पहार घालून तो ब्लॉक उचलला आणि मग शेजारचे उचलत सुटले. सहा हात लांबीची वाट उघडी केली. कोणी तरी म्हणाले, एवढे कशाला, वरून सिमेंट फासून टाका. ते म्हणाले, "काका, फासलं की दोन महिने झाकतं. खाली पोट रिकामंच ना?"

आणि खरेच खाली पोट रिकामे होते. पाइपच्या चरातली लोटलेली माती पावसात बसली होती. ब्लॉकखालची वाळू फुटक्या कडेकडून वाहून गेली होती आणि मूठ जाईल एवढी पोकळी झाली होती. गंमत अशी की, जो ब्लॉक आम्हाला उंच वाटत होता तो जागेवरच होता. त्याच्या पुढचे-मागचे खचले होते. ज्याला आम्ही दोष देत होतो, तोच एकटा आपल्या पातळीवर उभा होता. (यावर एक प्रवचन होईल, ते मी फादरांसाठी ठेवतो.)

ओली माती कठीण थर लागेपर्यंत काढली. मग मुरूम आणि खडी चार-चार बोटांचे थर देऊन भरली. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस मारला. धुम्मस मारणे हे काय काम आहे ते त्या चार तरुणांना विचारा. कडेचा फुटका दगड काढून नवा सिमेंटात बसवला, कारण कड धरलेली नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि सगळ्यांचे सांधे सुटतात. त्यावर तीन-चार सेंटिमीटर वाळू, ती पट्टीने ओढून सपाट केली, आणि मग तिच्यावर कोणी पाय ठेवायचा नाही. दोरी बांधून उतार धरला, मीटरला दोन सेंटिमीटर, म्हणजे पाणी गटाराकडे जाईल. ब्लॉक एकेक करून ठेवले, वर फळी ठेवून ठोकले, आणि शेवटी कोरडी बारीक वाळू केरसुणीने सांध्यांत भरली, पुन्हा ठोकले, पुन्हा भरली. मी विचारले, सांध्यात सिमेंट का नको? मिस्त्रींनी सांगितले की, वाळूमुळे ब्लॉक एकमेकांना घट्ट धरतात आणि एकावर पडलेला भार शेजारच्यांवर वाटला जातो. सिमेंट भरले तर सगळे मिळून एकच लादी होते, आणि जमीन जरा हलली की ती तडकते. पुढे कधी उघडायची वेळ आली तर फोडावी लागते.

दुपारचे दीड वाजले. खर्च म्हणाल तर पुढच्या सणाच्या रोषणाईतून थोडी कपात केली की भागेल एवढा. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. पण दिवसाचा रोजगार बुडवून आलेल्या बिगाऱ्याची मजुरी आम्ही वर्गणी काढून दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. चर्चचे काम म्हणून गरिबाला फुकट राबवणे हाही एक खड्डाच आहे.

संध्याकाळी मी आजींच्या घरी गेलो. वाट नीट झाल्याचे सांगितले. आणि तीन रविवार मला तो ब्लॉक ठाऊक होता, हेही सांगितले. ते सांगणे धुम्मस मारण्यापेक्षा जड गेले. त्या जरा गप्प राहिल्या. "माझंच लक्ष नव्हतं" असे या वेळी म्हणाल्या नाहीत, आणि मला ते बरे वाटले. ज्याला क्षमा मागायची आहे त्याचा अपराध पडणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतला तर क्षमा मागायलाही जागा उरत नाही. मग म्हणाल्या, "सांगायचं ना रे बाळा तेव्हाच." एवढेच. मग सुनेला चहा ठेवायला सांगितले. निघताना डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

प्लॅस्टर निघाल्यावर आजी पुन्हा मिस्साला येऊ लागल्या आहेत. ग्रोटोच्या चार पावले अलीकडे त्या अजून थांबतात, पायाने चाचपतात आणि मग पुढे जातात.

मिस्त्रींनी जाता जाता दुसरीकडे बोट दाखवले होते. धर्मशिक्षणाच्या वर्गापासून नळाकडे जाणाऱ्या वाटेवर तीन ब्लॉक हलत आहेत. पाइपचा तोच चर तिथूनही जातो. सध्या त्यांच्यावर आम्ही उलट्या कुंड्या ठेवल्या आहेत, त्या मुलांनी कृपया हलवू नयेत. येत्या शनिवारी सकाळी साडेसातला ते काम घ्यायचे आहे. धुम्मस आणि पहार चर्चमध्ये आहे. घमेली दोनच आहेत, ज्यांच्या घरी असतील त्यांनी आणावीत.